मुलांच्या मेंदूतील गाठी आणि क्वांटिटेटिव्ह एमआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेच प्रश्न पालकांचे आहेत, काही रेडिओलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरांचे आणि काही स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञांचे. सुरुवातीला सोपे प्रश्न घेतले आहेत, अपवादांचे पुढे. वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवा: आकडा कसा मोजला, मुलाचं वय काय आणि याच मुलाचा आधीचा आकडा काय होता, हे कळल्याशिवाय एकट्या आकड्यावरून काहीही ठरवू नये.

१. क्वांटिटेटिव्ह एमआरआय म्हणजे नक्की काय? साधा एमआरआय काय वाईट आहे?

साधा एमआरआय वाईट मुळीच नाही. गाठ कुठे आहे, कशाला चिकटली आहे, मेंदूतल्या पाण्याचा (मेंदूद्रवाचा) मार्ग अडला आहे का, हे सगळं त्यातच दिसतं. पण त्यातल्या पांढऱ्या-काळ्या छटांना एकक नसतं. एखादा भाग ‘पांढरा’ दिसतो तो शेजारच्या भागाच्या तुलनेत, आणि तोच भाग दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या सेटिंगवर वेगळा दिसू शकतो. क्वांटिटेटिव्ह पद्धतीत चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी एक भौतिक राशी काढतात: पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात, दर मिनिटाला किती रक्त पोहोचतं, ऊतींचा टी१ किंवा टी२ काळ (चुंबकीय सिग्नल पूर्ववत व्हायला किंवा ओसरायला लागणारा वेळ) किती मिलिसेकंद आहे. कपाळाला हात लावून ‘ताप वाटतोय’ म्हणणं आणि थर्मामीटर लावणं, यातला हा फरक आहे.

२. यासाठी वेगळं मशीन लागतं का? मुलाला पुन्हा आत जावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. त्याच १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रावर, त्याच बैठकीत हे सिक्वेन्स (चित्रं घेण्याचे ठरावीक क्रम) जोडले जातात. डिफ्यूजनला (पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजायला) दोन-तीन मिनिटं पुरतात, कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून गॅडोलिनियमचं औषध न देता केलेल्या) परफ्यूजनला, म्हणजे रक्तप्रवाह मोजायला, साधारण पाच, स्पेक्ट्रोस्कोपीला (ऊतींतली रसायनं मोजायला) पाच ते दहा. डिफ्यूजन तर नेहमीच्या तपासणीत असतंच, त्यामुळे एडीसीचा (हे माप काय, ते प्रश्न ४ मध्ये) नकाशा आपोआप तयार होतो. तो उघडून मोजायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, म्हणून जादा सिक्वेन्समुळे किरणोत्सर्ग वाढण्याचा प्रश्न येत नाही. वाढतो तो वेळ, आणि मूल भुलीखाली असेल तर त्या वेळेला किंमत आहे (प्रश्न १० पाहा).

३. नेमकं काय काय मोजतात?

रोजच्या कामात चार गोष्टी: डिफ्यूजनमधून एडीसी, परफ्यूजनमधून रक्तप्रवाह किंवा रक्ताचं आकारमान, स्पेक्ट्रोस्कोपीतून रसायनांचं प्रमाण आणि त्रिमितीय चित्रांतून गाठीचं घनफळ. टी१-टी२ चे नकाशे, लोह आणि कॅल्शियम वेगळं ओळखणारं मॅपिंग आणि प्रथिनांच्या अमाइड गटांवर आधारलेलं इमेजिंगही आहे. मुलांमध्ये या तीन गोष्टी अजून प्रामुख्याने संशोधनात वापरल्या जातात.

४. रिपोर्टमध्ये ‘एडीसी ०.६५’ लिहिलंय. हा आकडा काय सांगतो?

एडीसी म्हणजे ऊतींमध्ये पाणी किती मोकळेपणाने पसरतं त्याचं माप. एकक असतं ‘दहाचा उणे तिसरा घात चौरस मिलिमीटर प्रति सेकंद’. ते दर वेळी लिहिणं अवघड म्हणून इथे फक्त पुढचा आकडा देत आहे. काही यंत्रं दहाचा उणे सहावा घात वापरतात, तेव्हा तीच किंमत ६५० अशी छापून येते. दोन रिपोर्टांतल्या ०.६५ आणि ६५० मध्ये हजारपट फरक आहे असं समजून घाबरलेले पालक भेटतात. फरक काहीच नसतो.

शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा एडीसी सुमारे ३ असतो. निरोगी प्रौढ मेंदूत तो ०.७ ते ०.८ च्या आसपास येतो, कारण पेशींची आवरणं पाण्याला अडवतात. गाठीत पेशी दाटीवाटीने असतील आणि त्यांची केंद्रकं मोठी असतील, तर पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि आकडा उतरतो. पेशी विरळ असतील, मध्ये द्रव असेल, तर आकडा चढतो.

मुलांमध्ये याचा सर्वाधिक उपयोग लहान मेंदूच्या परिसरातल्या गाठींना होतो. तिथे तीन प्रकार वारंवार आढळतात: पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, एपेंडिमोमा आणि मेडुलोब्लास्टोमा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३२ रुग्णांच्या एका बहुचर्चित अभ्यासात त्यांचे सरासरी एडीसी अनुक्रमे १.६५, १.१० आणि ०.६६ आले. १.४ च्या वर पायलोसायटिक आणि ०.९ च्या खाली मेडुलोब्लास्टोमा, ही सीमारेषा तिथूनच रूढ झाली. ३२ ही संख्या लहान आहे, आणि पुढच्या अभ्यासांत हे गट एकमेकांत थोडे मिसळलेले दिसले. तरीही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ‘ही गाठ बहुधा कोणती?’ या प्रश्नाला इतक्या कमी वेळात इतकं चांगलं उत्तर देणारं दुसरं माप माझ्या माहितीत नाही. मेडुलोब्लास्टोमाची शक्यता दिसली की पाठीच्या कण्याचा एमआरआय ऑपरेशनपूर्वीच करून घेता येतो. नंतर केला तर कण्यात उतरलेलं रक्त आणि पसरलेला आजार यांत गल्लत होते.

५. मग एडीसीवरून निदान झालं, तर बायॉप्सी टाळता येईल का?

बहुतेक गाठींत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात गाठीचं नाव ठरवायला सूक्ष्मदर्शकाइतकंच जनुकीय तपासणीला महत्त्व आहे. मेडुलोब्लास्टोमाचेच डब्ल्यूएनटी, एसएचएच, ग्रुप ३ आणि ग्रुप ४ असे आण्विक गट आहेत आणि त्यांचं भवितव्य वेगवेगळं असतं. एमआरआय त्यात अंदाज देतो. उदाहरणार्थ, लहान मेंदूच्या एका बाजूच्या गोलार्धातली गाठ एसएचएच असण्याची शक्यता जास्त. पण उपचार अशा अंदाजावर ठरत नाहीत.

अपवाद थोडे आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ हा जनुकीय आजार असलेल्या मुलाच्या दृष्टिचेतेतली ठरावीक रूपाची गाठ सहसा बायॉप्सीविना पाहिली जाते. जर्म सेल गाठींच्या काही प्रकारांत रक्तातले आणि मेंदूद्रवातले एएफपी आणि एचसीजी हे गाठीचे दर्शक पदार्थ पुरेसे वाढलेले असतील, तर त्यावर निदान होतं. ब्रेनस्टेममधली (मेंदूच्या देठातली) पसरट ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) पूर्वी फक्त चित्रावरून ओळखली जायची. आता जनुकीय माहितीसाठी तिचीही बायॉप्सी करण्याकडे कल वाढला आहे.

६. म्हणजे एडीसी कमी असला की वाईट आणि जास्त असला की चांगलं, असंच ना?

नाही. हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रेनस्टेममधली, एच३ के२७ हा जनुकीय बदल असलेली डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा ही मुलांमधल्या सर्वांत गंभीर गाठींपैकी एक. तरी तिचा एडीसी बऱ्याचदा चांगला चढा असतो आणि कॉन्ट्रास्टही ती फारसा घेत नाही. आकडा बघून कुणी ‘सौम्य दिसते’ म्हणालं, तर ते साफ चुकेल. इथे गाठीची जागाच निर्णायक ठरते. पायलोमिक्सॉइड ॲस्ट्रोसायटोमातही चिकट, पाणीदार आधारद्रव्यामुळे एडीसी जास्त येतो, पण ती गाठ पायलोसायटिकपेक्षा जास्त त्रास देते आणि पुन्हा उद्भवण्याचं प्रमाणही तिच्यात जास्त.

उलट बाजूही पाहा. पू झालेल्या जागी एडीसी खूप कमी असतो. ताज्या रक्तस्रावातही तो खाली येतो. दोन्हींत गाठीच्या पेशींचा संबंध नाही. आणि तान्ह्या बाळातली एटीआरटी (एक आक्रमक गाठ) व मेडुलोब्लास्टोमा या दोघींचे आकडे इतके जवळ असतात की एडीसीवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

७. स्पेक्ट्रोस्कोपीत ‘कोलीन वाढलं, एनएए कमी झालं, लॅक्टेट दिसलं’ असं आलंय. म्हणजे कॅन्सर नक्की?

एनएए हे चेतापेशींचं लक्षण, कोलीन पेशींच्या आवरणांच्या उलाढालीचं. गाठीत पहिलं उतरतं, दुसरं चढतं, हा सर्वसाधारण नियम. पण मुलांमध्ये त्याला मोठा अपवाद आहे: पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. श्रेणी १ ची (सर्वांत सौम्य श्रेणीची), पूर्ण काढली तर बहुधा बरी होणारी ही गाठ कोलीनचं वाढलेलं गुणोत्तर आणि लॅक्टेट दोन्ही दाखवते, शिवाय कॉन्ट्रास्टही भरपूर घेते. मोठ्यांचे स्कॅन वाचायची सवय असलेला डॉक्टर इथे हमखास दचकतो. त्यातलं क्रिएटिन फार कमी असल्यामुळे ‘कोलीन भागिले क्रिएटिन’ हे गुणोत्तर फुगतं. अशा वेळी गुणोत्तराऐवजी प्रत्येक रसायनाचं स्वतंत्र प्रमाण पाहिलेलं बरं.

काही खुणा मात्र खरंच उपयोगी आहेत. आलेखावर ३.४ पीपीएमजवळ (पीपीएम हे आलेखाच्या आडव्या पट्टीचं एकक) टॉरिन या रसायनाचा उंचवटा दिसला तर मेडुलोब्लास्टोमाची शक्यता वाढते. तो नीट दिसायला ३० मिलिसेकंदांच्या आसपासचा छोटा इको टाइम (सिग्नल टिपण्याआधीचा अवधी) लागतो. एपेंडिमोमात मायोइनोसिटॉल जास्त असू शकतं. मोजायचा चौकोन साधारण दीड ते दोन सेंटिमीटर बाजूचा असतो. गाठ त्यापेक्षा लहान असेल, किंवा चौकोनात रक्त, हाड वा द्रव आला असेल, तर आलेख छापून येतो खरा, पण त्याचं वाचन करू नये.

८. बाळ आठ महिन्यांचं आहे. मोठ्यांचे ‘नॉर्मल’ आकडे त्याला लागू होतात का?

नाहीत. जन्मावेळी मेंदूत पाणी जास्त आणि मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) फार थोडं असतं, म्हणून टी१ आणि टी२ काळ लांब असतात आणि पांढऱ्या द्रव्याचा एडीसीही प्रौढांपेक्षा बराच जास्त. पहिल्या दोन वर्षांत हे सगळं झपाट्याने बदलतं. स्पेक्ट्रोस्कोपीत तर नवजात बाळाचा निरोगी मेंदूच कोलीन जास्त, एनएए कमी असा दिसतो. प्रश्न ७ मधला नियम त्याला लावला, तर निरोगी बाळातही गाठ सापडेल. म्हणून तुलना त्याच वयाच्या मुलांच्या मोजमापांशी करावी, किंवा निदान त्याच मुलाच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी भागाशी.

९. परफ्यूजनसाठी कॉन्ट्रास्ट द्यावाच लागतो का? गॅडोलिनियम मेंदूत साठतं असं वाचलं.

परफ्यूजनच्या दोन मुख्य पद्धती आहेत. डीएससीमध्ये गॅडोलिनियम पंपाने वेगात सोडतात आणि ते मेंदूतून जाताना सिग्नल कसा पडतो ते पाहतात. लहान मुलाच्या बारीक शिरेत तेवढा वेग मिळवणं कठीण जातं. शिवाय पायलोसायटिकसारख्या गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, औषध बाहेर झिरपतं आणि गळती दुरुस्त केली नाही तर आकडा बिघडतो.

दुसरी पद्धत एएसएल. यात मानेतून वर जाणाऱ्या रक्ताच्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात. टोचायचं काही नाही. मुलांचा मेंदूतला रक्तप्रवाह मोठ्यांपेक्षा जास्त असल्यामुळे ही पद्धत त्यांच्यात विशेष चांगली चालते. उत्तर येतं ‘१०० ग्रॅम ऊतींमागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर’ या एककात, आणि वरच्या श्रेणीच्या गाठींत ते साधारणपणे जास्त असतं. मला विचाराल तर मुलांमध्ये सुरुवात एएसएलनेच करावी.

साठण्याबद्दल: वारंवार गॅडोलिनियम दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्याचे अंश राहतात हे २०१४ पासून समोर आलं. रेषीय रेणूंच्या औषधांत हे जास्त, चक्रीय रेणूंच्या औषधांत बरंच कमी. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने रेषीय औषधांपैकी बहुतेकांचा वापर थांबवला. या अंशांमुळे मेंदूला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या मुलाचे पुढची दहा वर्षं स्कॅन होणार आहेत त्याला गरजेपुरतंच द्यावं, हे उघड आहे. मेडुलोब्लास्टोमासारख्या आजारात मेंदूच्या आवरणांवरचा प्रसार शोधायला मात्र कॉन्ट्रास्ट लागतोच. तिथे नको म्हणू नका.

१०. भूल दिल्याने आकडे बदलतात का?

रक्तप्रवाहाचे बदलतात. प्रोपोफॉलने प्रवाह कमी होतो. सेव्होफ्लुरेन रक्तवाहिन्या रुंदावतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला तरी प्रवाह साधारण २ ते ४ टक्के वाढतो. म्हणजे मागचा स्कॅन भुलीत आणि हा जागेपणी झाला असेल, तर एएसएलच्या सरळ तुलनेला अर्थ नाही. गाठीचा प्रवाह निरोगी करड्या द्रव्याच्या प्रवाहाने भागून पाहावा.

किमो चालू असलेल्या मुलांत आणखी एक गोष्ट सुटते: हिमोग्लोबिन. रक्त पातळ झालं की त्याचा टी१ लांबतो. एएसएलच्या गणितात मात्र ३ टेस्लाला तो १६५० मिलिसेकंद असा ठोकून धरलेला असतो. त्यात ॲनिमियामुळे खरा प्रवाहही वाढतो. त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट स्कॅनसोबत ठेवा.

भुलीत जास्त ऑक्सिजन दिल्यास फ्लेअर चित्रांत (ज्यांत एरवी हा द्रव काळा दिसतो) मेंदूभोवतालचा द्रव उजळ दिसू शकतो आणि आजार आवरणांवर पसरल्याचा भास होतो. वाचणाऱ्या डॉक्टरांना भुलीची नोंद मिळायला हवी ती यासाठीच. एडीसी आणि घनफळावर भुलीचा फारसा परिणाम होत नाही. उलट मूल हलत नसल्याने ती मापं चांगली येतात.

११. दोन सेंटरचे आकडे जुळत नाहीत. कोणतं खरं?

दोन्ही खरे असू शकतात. टी१ तर चुंबकाच्या ताकदीवरच अवलंबून असतो, ३ टेस्लाला तो लांब येतो, म्हणून १.५ टेस्लाच्या आकड्याशी त्याची तुलना करूच नये. एडीसी तत्त्वतः ताकदीवर अवलंबून नाही, पण बी-व्हॅल्यू (डिफ्यूजन मोजण्याच्या सेटिंगची तीव्रता), यंत्राची बनावट आणि मोजणाऱ्याने चौकोन कुठे ठेवला यावर बदलतो. एकाने पूर्ण गाठीची सरासरी घेतली आणि दुसऱ्याने सर्वांत काळ्या कोपऱ्यातली किंमत, तर फरक पडणारच.

किती फरकाला खरा बदल म्हणायचं? क्यूआयबीए या तज्ज्ञगटाच्या निकषानुसार नीट तपासलेल्या यंत्रावर मेंदूतल्या गाठीचा एडीसी ११ टक्के किंवा जास्त बदलला, तर ९५ टक्के खात्रीने तो खरा बदल मानता येतो. १.०० चा १.०५ झाला यावरून उपचार बदलू नयेत. यंत्र तपासायची पद्धतही साधी आहे. बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या नळीतल्या, शून्य अंशावरच्या पाण्याचा एडीसी १.१ यायला हवा. नाही आला तर आधी यंत्र दुरुस्त करायचं.

१२. रिपोर्टमध्ये गाठ २० मिलिमीटरची २५ झाली. पाचच मिलिमीटर तर वाढली, एवढं काय?

व्यासाच्या हिशेबात वाढ एक चतुर्थांश. पण गोल गाठीचं घनफळ काढलं तर ४.२ मिलिलिटरचं ८.२ झालं, म्हणजे जवळपास दुप्पट. वेड्यावाकड्या, पाण्याच्या पिशव्या असलेल्या गाठीत तर व्यासाची रेघ ओढायची कुठे यावरच वाद होतो. त्यामुळे एक मिलिमीटरच्या पातळ कापांच्या चित्रांवरून काढलेलं घनफळ मला जास्त भरवशाचं वाटतं.

अधिकृत निकष मात्र अजून मुख्यत्वे दोन काटकोनी व्यासांच्या गुणाकारावर चालतात. रॅप्नो हा मुलांच्या मेंदूगाठींसाठीचा आंतरराष्ट्रीय गट. त्याच्या २०२० च्या शिफारशींनुसार कमी श्रेणीच्या ग्लायोमात हा गुणाकार २५ टक्के वाढला तर आजार वाढला, ५० टक्के किंवा जास्त घटला तर अंशतः प्रतिसाद आणि २५ ते ४९ टक्के घटला तर किरकोळ प्रतिसाद. ब्रेनस्टेमच्या पसरट ग्लायोमात २५ टक्के घटही अंशतः प्रतिसाद धरतात. गाठीगणिक नियम वेगळा आहे, हे ध्यानात ठेवा.

१३. रेडिएशननंतर गाठ मोठी दिसते. उपचार फसले का?

लगेच तसं मानू नका. रेडिएशननंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत सूज आणि कॉन्ट्रास्ट वाढून गाठ फुगलेली दिसू शकते आणि मग आपोआप ओसरते. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. कमी श्रेणीच्या ग्लायोमातही ते दिसतं. अशा वेळी परफ्यूजन कमी आणि एडीसी चढता असेल तर उपचारांचा परिणाम असण्याकडे झुकतं माप. परफ्यूजन जास्त आणि एडीसी उतरता असेल तर गाठ वाढत असण्याची शंका. या दोन्हींच्या मधला पट्टा रुंद आहे, आणि मूल स्थिर असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणं हाच कित्येकदा सर्वांत प्रामाणिक सल्ला असतो. पालकांसाठी ते आठवडे किती जड असतात याची मला कल्पना आहे. तरीही घाईने चालू उपचार बंद करण्यापेक्षा ते बरे.

उलटही होतं. बेव्हॅसिझुमॅब (रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) किंवा स्टेरॉइड सुरू झाल्यावर कॉन्ट्रास्ट झटकन कमी होतो, गाठ तेवढीच असते. स्कॅनच्या दिवशी कोणती औषधं, किती मात्रेत चालू होती हे लिहून न्या.

१४. मुलाला शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) आहे, दातांना तारा आहेत. मोजमाप होईल?

होईल, पण धातूजवळ डिफ्यूजनची चित्रं ताणली जातात आणि तिथला एडीसी खोटा असतो. इको-प्लॅनर (चित्र घेण्याची नेहमीची वेगवान पद्धत) नसलेलं डिफ्यूजन वापरलं तर बरीच सुधारणा होते. शंटचा व्हॉल्व्ह चुंबकाने सेट होणारा असेल तर त्याचं मॉडेल आधी सांगा आणि स्कॅननंतर सेटिंग तपासून घ्या. काही मॉडेलमध्ये ते एमआरआयच्या चुंबकाने बदलतं.

१५. एआय हे सगळं आपोआप करेल का?

गाठीची हद्द आखून घनफळ काढणं, यात प्रगती खरी आहे. मोठ्यांच्या चित्रांवर शिकलेले प्रोग्रॅम मुलांत चुकत होते, म्हणून ब्रॅट्स या स्पर्धेत २०२३ पासून मुलांच्या गाठींचा वेगळा विभाग आला. एमआर फिंगरप्रिंटिंगची कल्पना २०१३ ची. एकाच सिक्वेन्समधून टी१ आणि टी२ दोन्ही मिळतात, म्हणून भुलीचा वेळ वाचवायला ती मुलांसाठी आशादायक आहे. आखलेली हद्द डोळ्यांनी तपासल्याशिवाय मात्र कुठलाही आकडा रिपोर्टमध्ये जाऊ नये.

१६. दुसरं मत घ्यायचंय. फिल्मचे फोटो मोबाइलवर पाठवले तर चालतील?

फोटोवरून गाठ दिसेल, पण मोजता काही येणार नाही, कारण फोटोत फक्त छटा उरतात (प्रश्न १). डायकॉम स्वरूपातली मूळ फाइल मागा, सीडीवर किंवा लिंकवर. त्यात एडीसीचा नकाशा, एएसएल आणि स्पेक्ट्रोस्कोपीचा मूळ डेटा आहे ना, हे तिथेच उघडून पाहा. बऱ्याचदा हे नेमके गाळलेले असतात. पहिल्या, म्हणजे ऑपरेशनपूर्वीच्या स्कॅनची प्रत वेगळी जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना त्या स्कॅनशीही होणार आहे, आणि काही वर्षांनी तो सेंटरच्या सर्व्हरवर असेलच असं नाही.